बुडालेल्या बोटीचं नाव

माझी मुलगी पाणबुडीवर नोकरी करते, असं मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात सांगितलं की समोरची काकू आधी हसते. तिला वाटतं मी गंमत करतेय. इथे अमेरिकेत, श्रूजबरीत लोकांच्या मुली डॉक्टर असतात, नाहीतर सॉफ्टवेअरमध्ये. मग मी म्हणते, "नाही हो, खरंच. नेव्हीत ऑफिसर आहे." की लगेच प्रश्न, "आणि तुम्ही पाठवलंत?" पाठवायला ती काय दळणाचा डबा आहे?

पाणबुडीला ते लोक बोटच म्हणतात. लेकीच्या बोटीला एका माशाचं नाव आहे. तेच नाव आधी दुसऱ्या महायुद्धातल्या एका बोटीचं होतं आणि ती बोट पॅसिफिकमध्ये सगळ्या माणसांसकट बुडाली. हे मला लेकीनेच सांगितलं, वर अभिमानाने. म्हटलं, "अगं, अकाली गेलेल्याचं नाव आपल्यात बाळालासुद्धा ठेवत नाहीत, आणि यांनी अख्ख्या बोटीला ठेवलं?"

"आई, इट्स ॲन ऑनर."

डोंबलाचा ऑनर.

मागच्या खेपेला निघायच्या आधीच्या रविवारी ती घरी जेवायला आली होती. तिची ती चौथी खेप. कोशिंबीर वाढून घेताना ती सहज म्हणाली की निघण्याआधी एक फॉर्म भरावा लागतो. घरी कुणाचं काही बरंवाईट झालं तर समुद्रात असतानाच सांगायचं की परत आल्यावर, ते त्यात लिहून द्यायचं. तिने लिहून दिलं होतं, परत आल्यावर.

"म्हणजे मी मेले तरी तू तिथे खाली निवांत पास्ता खात बसणार?"

"तिथून मी काय करू शकणार, आई? मध्येच उतरता येत नाही."

"बरोबर आहे तिचं," नवरा म्हणाला. त्याच्या पानात वाढायला उचललेली पोळी मी परत डब्यात टाकली.

ती गेल्यावर सूचनांचा कागद फ्रिजवर लावला. तुम्ही ईमेल पाठवू शकता, पण किनाऱ्यावरच्या ऑफिसात तो आधी कुणीतरी वाचणार. वाईट बातमी असेल तर पुढे जाणार नाही. बोट ऐकते, बोलत नाही, तेव्हा उत्तराची वाट बघू नका. आणि शेवटी, साध्या इंग्रजीत लिहा. ते मी वाचलं होतं. वाचलं नव्हतं असं खोटं कशाला सांगू?

पण आईने लेकीला इंग्रजीत काय लिहायचं? तीस वर्षं ऑफिसात इंग्रजी मेल लिहून बोटं झिजवली, आधीच्या तीन खेपांना पोटच्या पोरीलाही तसंच लिहिलं, आता पुन्हा तेच? त्यातून कुणीतरी परका माणूस ते वाचणार. माझं पत्र! मी म्हटलं, थांबा, दाखवते तुम्हाला. रोमन अक्षरांत मराठी लिहायला लागले. लेक तसं वाचते, हळूहळू, ओठ हलवत. वाचणाऱ्याला ओ की ठो कळणार नाही, म्हणून मी स्वतःवरच खूश होते.

दर रविवारी एक मेल. शेजाऱ्यांच्या कुत्र्याने आमची पुदिन्याची कुंडी कशी उकरली, मंडळाच्या नाटकात कोण कुणावर रुसलं, थालीपीठ थापताना पाण्याचा हात कसा लावायचा. नवरा सोफ्यावरून म्हणायचा, "माझंही ठीक आहे म्हणून लिही." वेगळं पत्र तो कशाला लिहील? भारतात फोन लावला तरी हा माणूस तेवढंच बोलतो आणि फोन माझ्या हातात देतो.

त्या जुन्या बोटीचं मात्र मी कशातच लिहिलं नाही. आणि तोवर तर मी तिच्या मागेच लागले होते. तिच्या गस्तीचे अहवाल इंटरनेटवर आहेत, टाइपरायटरवर ठोकलेले, फिकट. दुपारी चहा घेऊन मी ते वाचत बसायची. पहिल्या गस्तीत यांनी टॉर्पेडो सोडले, ते जहाजाला बरोबर लागले आणि फुटलेच नाहीत. कॅप्टनने ते इतकं चिडून लिहिलंय की तो मला एकदम आवडून गेला. दुसऱ्या गस्तीत शत्रूची जहाजं दिवसभर वरून बॉम्ब टाकत राहिली आणि हे खाली पंखे बंद करून, बूट काढून, घामाने निथळत गप्प बसले. आचाऱ्याने भांडीसुद्धा कापडात गुंडाळून ठेवली होती. तिसऱ्या गस्तीत त्यांनी समुद्रात पडलेले आपले वैमानिक उचलून आणले.

चौथ्या गस्तीचा अहवाल मी शोध शोध शोधला. मग डोक्यात प्रकाश पडला. अहवाल परत आल्यावर टाइप करायचा असतो.

त्या जागी दुसऱ्या कुणीतरी लिहिलेल्या चार ओळी होत्या. बेटावर तेल भरून निघाली. रेडिओवर बोलावलं, उत्तर आलं नाही. मुदत टळली, बुडाली असं समजावं. खाली एका खलाशाच्या बहिणीची आठवण दिलेली होती. आईने भावाला लिहिलेली पत्रं, तो बेपत्ता असल्याची तार आल्यानंतर परत आली, सुतळीने बांधलेली, एकही फोडलेलं नव्हतं. आईने ती सुतळी मरेपर्यंत सोडली नाही.

मी कॉम्प्युटर बंद केला आणि भांडी घासायला घेतली. आमच्याकडे डिशवॉशर आहे.

परतीची तारीख आम्हाला आधी नुसती अंदाजाने सांगितली होती. मग बोटीवरच्यांच्या घरच्यांना निरोप देणारी एक बाई आहे, तिचाही नवरा त्याच बोटीवर, तिचा फोन आला. तारीख पुढे गेली. का, ते सांगता येत नाही. आठवड्याने पुन्हा फोन, पुन्हा पुढे. आवाज इतका गोड की मला तिला फोनमधून ओढून हलवावंसं वाटलं. "म्हणजे मुदत टळली ना?" मी नवऱ्याला विचारलं. "तारीख बदलली," तो म्हणाला आणि कालच कापलेलं लॉन पुन्हा कापायला गेला. घाबरला होता, मला काय कळत नाही? लोक देव पाण्यात घालून बसतात. माझी तर लेकच पाण्यात होती. चौथी खेप, चौथी गस्त, हा आकडा डोक्यातून जाईना. मी इंजिनिअर बाई, आणि देवापुढे दिवा लावून आकड्यांना शिव्या देत होते.

शेवटी फोन आला, या. दीड तास गाडी चालवून आम्ही कनेटिकटला तळावर पोचलो. धक्क्यावर घरची माणसं, बाळं, फुगे. आणि ती काळी बोट खरंच आली हो! माझ्या तोंडून 'आली गं बाई' असं काहीतरी एवढ्या मोठ्याने निघालं की पुढची बाई वळून हसली. बोट बांधून होईना, म्हणून नवरा म्हणाला, "कॉफी आणतो." त्याचं नेहमीचंच. नेमक्या वेळी गायब.

लोक उतरायला लागले, आपापल्या माणसांकडे धावायला लागले. आमची फळीवरून खाली उतरली आणि थांबली. धावली नाही. गर्दीत शोधत राहिली. मी हात केला. तिने मला पाहिलं, मग माझ्या डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. हळूहळू चालत माझ्यापर्यंत आली.

"बाबा?" एवढंच म्हणाली.

"कॉफी आणायला गेलाय."

ती तिथेच, युनिफॉर्ममध्ये, सिमेंटवर मटकन खाली बसली.

नेहमी इंग्रजीत उत्तर देणारी माझी पोर मराठीत बोलत होती. "मला एकही मेल नाही आला, आई. सगळ्यांना आले. मला एक पण नाही. वाईट न्यूज असली की थांबवतात ना? मला वाटलं, तुमच्यातलं कुणीतरी गेलं. कोण, ते कळत नव्हतं. एक दिवस वाटायचं तू. मग वाटायचं बाबा." तेवढ्यात नवरा दोन्ही हातांत कप घेऊन आला. तिने त्याच्या पायांना बसल्या बसल्या मिठी मारली. कॉफी सगळी त्याच्या शर्टावर. तोही तिच्याशेजारी खाली बसला आणि कधी नव्हे तो बोलायचा थांबेना.

ती निरोपवाली बाई ओशाळून एक फाइल घेऊन आली. माझे मेल, सगळे, छापून रबर लावून ठेवलेले. ऑफिसात कुणालाच वाचता येईनात. न वाचता पुढे पाठवायची परवानगी नव्हती, म्हणून मराठी येणारं कुणी मिळेपर्यंत बाजूला ठेवले. भांडायला तोंड उघडलं. कुणाशी भांडू? फ्रिजवरचा कागद माझ्याच हाताने लावलेला.

मी इथे त्या बोटीची वाट बघत रडत होते आणि ती तिथे खाली आमच्यातल्या कुणाच्या तरी मरणाची बातमी लपवलीय समजून ड्यूटी करत होती. शहाणपणा करून तिच्यापुरतं मीच आम्हा नवराबायकोला मारलं होतं.

गठ्ठा हातात घेतल्यावर ती दुसरी आई आठवली, आणि मी तिथल्या तिथे रबर काढून टाकलं. परतीच्या वाटेवर लेकीने मागच्या सीटवर बसून ते सगळे मेल मोठ्याने वाचले, अडखळत. कुत्रा, पुदिना, थालीपीठ. नवरा एका हाताने गाडी चालवत दुसऱ्या हाताने डोळे पुसत होता. मी ओरडले, "रस्त्याकडे बघ!"

आता ती पुन्हा गेली आहे, पाचव्या खेपेला. मी दर रविवारी इंग्रजीत लिहिते, अगदी साध्या. पहिली ओळ ठरलेली असते, आम्ही दोघंही आहोत. त्याच्याखाली नवरा स्वतः येऊन स्वतःची एक ओळ लिहितो. मग मी कुत्र्याकडे वळते.