मंगलबाईची बारीक शिंक

अंबाजोगाईच्या फार्मसी कॉलेजात प्रयोगाच्या उंदरांची खोली होती, आणि मालकीण असल्यासारखी मंगलबाई तिथं वावरायची. रोज घाटनांदूरहून एसटीनं पिंजरे साफ करायला यायची. आधी कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासून तिचे हात सोलपटले होते. इथं सावली होती, पंखा होता, आणि उंदीर काही चहा गार झाला म्हणून ओरडत नव्हते.

अडचण एकच. उंदरांजवळ गेलं की तिला शिंका यायच्या, आणि बद्रीनाथ सरांना शिंकेचं भारी वावडं. पीएचडी झालेला माणूस, पण कामाला हात घालताना कुणी शिंकलं की सुई ठेवून खाली बसायचे, पाणी प्यायचे, मगच उठायचे. "पुन्हा शिंकलात तर परत कॅन्टीनला धाडीन," असं त्यांनी बाईला बजावलं होतं. तेव्हापासून तिनं पदर नाकाशी दाबून शिंक बारीक करायची कला साधली. 'च्छिक्', एवढीच. उंदराचीच वाटावी.

नेमका सरांची विद्यार्थिनी सुनिता हिचा प्रयोग ॲलर्जीचा निघाला. उंदरांना अंड्याच्या पांढऱ्याची ॲलर्जी करून द्यायची, निम्म्यांना नवं रसायन पाजायचं, मग सगळ्यांच्या नाकात त्याच अंड्याचा थेंब सोडून शिंका मोजायच्या. उंदरांच्या शिंकांचा अपशकुन सर धरत नव्हते. त्या कामाच्या होत्या. सुनिता पिंजऱ्याशी कान लावून मोजायची, आणि रसायनवाल्यांच्या पाळीला नेमकी तिच्या पाठीमागं बाई भुस्सा बदलायची.

तपासणीचे निकाल आले. रसायन पाजलेल्या उंदरांच्या रक्तात ॲलर्जीची प्रतिपिंडं पार खाली गेलेली. शिंका मात्र बाकीच्यांइतक्याच.

"रक्त म्हणतंय बरं झालं, नाक म्हणतंय नाही," सर म्हणाले. "टाकून द्या ते रसायन. दुसरा विषय घ्या."

सुनिताचे डोळे भरून आले. बाईच्या हातातला भुस्सा हातातच राहिला. कॅन्टीनमधली खरकटी पातेली तिला डोळ्यांपुढं दिसली. तरी ती पुढं झाली.

"सर, त्यातलं एक नाक माझं हाय."

"म्हणजे?"

"ह्या पोरीनं मोजल्या त्यात माझ्याबी शिंका गेल्या."

"तुम्ही शिंकलात? मग मला कशी कळली नाही?"

"तुमच्याच धाकानं बारीक केली की वो!"

"मावशी, दाखवा बरं," सुनिता म्हणाली.

बाई पिंजऱ्यावर वाकली. च्छिक्! सर सवयीनं स्टुलावर बसले.

दुसऱ्या दिवशी बाईला दाराबाहेर उभं करून पुन्हा मोजणी झाली. रसायनवाले उंदीर गुमान मिशा साफ करत बसले. सर हसतच बाहेर आले, मग गंभीर झाले. "पण बाई, तुम्ही आता कॅन्टीनला."

"कावून? औषध लागू पडलं म्हणता ना? मग मलाच पाजा."

"माणसांना देता येत नाही अजून. परवानगी फक्त उंदरांची आहे."

"मग माझं नाव उंदरांत घाला. पर भांडी न्हाई घासणार."

सरांनी कपाळाला हात लावला, आणि ऑफिसातून मास्कांचं खोकं आणायला सुनिताला पिटाळलं.