हेल्मेटवरची तीट

माझा नवरा निखिल हा प्रसंग सगळीकडे मीठमसाला लावून सांगत सुटलाय. त्यापेक्षा माझी फजिती मीच सांगते, म्हणजे निदान मीठ तरी बेताचं पडेल.

इथे जपानात, नागानोच्या बर्फात जायचं ठरलं आणि माझी झोप उडाली. बर्फामुळे नाही हो! पाच वर्षांच्या रेवाला तिथल्या स्की-शाळेत घातलं होतं, आणि नियम असा, की वर्ग चालू असताना आईबापांनी आसपास फिरकायचं नाही. पोर पडली तर? शू आली तर? रडायला लागली तर जवळ कोण घेणार?

"अगं, इथली मुलं पहिलीपासून एकटी शाळेत जातात," निखिल म्हणाला.

"ती इथली. ही आपली आहे."

"ही इथेच उरायासुत जन्मली, बाई! इथली म्हणजे आणखी कशी असते?"

खरंच, मी मराठीत विचारते आणि ती जपानीत उत्तर देते. कधी कधी वाटतं, एक दिवस ती असं काहीतरी बोलेल की मला कळणारच नाही.

मग मी काय करावं? सकाळी तिच्या भाड्याच्या पिवळ्या हेल्मेटवर मागच्या बाजूला काजळाची ठसठशीत तीट लावली. दृष्टही लागणार नाही आणि पिवळ्या हेल्मेटांच्या गर्दीत पोर लांबून ओळखूही येईल. आहे की नाही डोकं?

वर्ग सुरू झाला. निखिल कोको प्यायला गेला आणि मी पायांत स्की अडकवून एका झाडामागे उभी राहिले. आदल्या दिवशी मी एकच धडा शिकले होते, थांबायचं कसं. त्यातही अर्ध्या वेळा मी थांबायचे, उरलेल्या वेळी झाड थांबवायचं.

तेवढ्यात पिवळ्या हेल्मेटांची रांग लिफ्टकडे निघाली. त्यात तीट! मी मागच्या पाळण्यात बसले.

तिथल्या नकाशात हिरवी रेघ म्हणजे सोपा उतार, लाल म्हणजे जपून, आणि काळी म्हणजे पुढच्या जन्मी. आमची लिफ्ट हिरवीला मागे टाकून लालच्या माथ्यावर! एवढ्याशा पोरीला इथे आणतात? रागाने मला एकदम शौर्यच चढलं.

"रेवाऽऽ! घाबरू नकोस, आई आलीये!"

मी तीटवालीला मागून गच्च धरलं. तिने वळून पाहिलं. पुढचे दोन दात पडलेली, सात-आठ वर्षांची परकी मुलगी!

"काकू, तुम्ही कोण?" तिने जपानीत विचारलं.

मी सवयीने माफी मागत कमरेत वाकले. आता ऐका, स्कीवर उभं राहून कधीही वाकू नये. मी तशीच वाकलेली, माफी मागत मागत, थेट कडेच्या जाळीत गेले.

जाळीतून पाहते तर काय, समोरच्या प्रत्येक हेल्मेटवर तीट!

"सकाळी तुमच्या छोट्या रेवाचाननं सांगितलं, ही लावली की इजा होत नाही," त्यांच्या शिक्षिका, सेन्सेईबाई, मला सोडवताना कौतुकाने म्हणाल्या. "मग शाळेतल्या सगळ्याच मुलांना हवी झाली. एकीला आहे आणि बाकीच्यांना नाही, असं बरं दिसत नाही ना? मार्करने सगळ्यांनाच लावली."

खाली बघितलं. हिरव्या उतारावर इवलेइवले पिवळे ठिपके सरकत होते. त्यातला एक माझा होता. कुठला, ते मात्र मला सांगता येईना. कुणी पडत होतं, आपलं आपण उठत होतं.

स्वतःहून उतरता येईना, म्हणून मला बर्फावरच्या स्ट्रेचरवर पट्ट्यांनी बांधून खाली आणलं, तेही नेमकं रेवाच्या वर्गापाशी. आता पोर हंबरडा फोडणार म्हणून मी पट्ट्यांमधून कसेबसे हात पसरले.

रेवा घसरत आली. अगदी ऐटीत थांबली. मला नीट न्याहाळलं. मग आपल्या सेन्सेईंकडे वळून स्वच्छ जपानीत बोलली, आणि दुर्दैवाने मला शब्दन् शब्द कळला:

"सेन्सेई, ही माझी आई. नवीन जागी ती थोडी घाबरते. पण लक्ष नाही दिलं की होते गप्प."