आप्पासोंची वाघर

आटपाडीचे आप्पासो मेंढरं राखत म्हातारे झाले, पण जीव सांगलीच्या फुटबॉल संघात अडकलेला. आज हरलं की संघ खालच्या गटात जाणार होता. मध्यंतराला एक-एक बरोबरी होती. आप्पासो तडक प्रशिक्षकाकडे गेले.

"मास्तर, तुमची समदी पोरं बॉलमागं पळत्यात. मागं मोकळं रान! लांडगा शिरंल की!"

"मग काय करू, आप्पा?"

"वाघर लावा. मेंढरांभवती जाळं ताणतो आमी. ते जागा सोडतंय व्हय?"

प्रशिक्षक हसला, पण चौघांना गोलसमोर ओळीत उभं केलं. ओळ शेवटपर्यंत हलली नाही.

आप्पासोंनी ओरडतच घरी फोन लावला. बायकोनं, दगडाबाईंनी विचारलं, "जिंकला व्हय?"

"न्हाई गं, बरोबरी!"

"मग आवं, एवढं वरडताय कशाला?"

"अगं, पुढच्या सालीबी वरच्याच गटात खेळायचं!"