सासूबाईंचा काठ

पाणी खात्यात माझं काम असं: ओढ्याच्या काठाकाठाने चालायचं, काठ कुठे आणि का ढासळतोय ते पाहायचं, आणि ओढा पुन्हा धड कसा करायचा याचा आराखडा करणाऱ्यांसाठी प्रत्येक काठाला धोक्याची पायरी लावायची. कमी, मध्यम, जास्त, फार जास्त. माझ्या सासूबाई साल्किन अपा शेजारणींना हेच थोडक्यात सांगतात, "आमचा जावई पाण्याकडे बघतो. सरकारला तेवढं पुरतं."

अपांचं गाव इस्सिक-कुल सरोवराच्या दक्षिण किनाऱ्याला, इयरी-सू ओढ्याला लागून. इयरी-सू म्हणजे वाकडं पाणी. पण मी त्या घरचा जावई झालो तोवर ओढा गावापुरता पट्टीने आखल्यासारखा सरळ झालेला होता. तो सरळ कसा झाला, ही अपांच्या लग्नाचीच गोष्ट आहे.

सामूहिक शेतीच्या काळात अपा गोठ्यावर गाईंच्या धारा काढायच्या. ओढ्याची वळणं मोडून जमीन काढायची असं वरून ठरलं आणि ओरोझाली नावाचा तरुण बुलडोझर घेऊन आला. सांगितलेली वळणं त्याने उन्हाळ्यातच मोडली. पण अपांनी अजून लग्नाला होकार दिला नव्हता. मग हा परत जाईना. साहेबांना सांगायचा, "अजून एक वळण राहिलंय." ते मोडलं की आणखी एक राहिलेलं असायचं.

अपा सांगतात, "मी आपली रोज ताकासारखं गार आयरान घेऊन जायची, उन्हात काम करतोय म्हणून. तो वळणं मोडत सुटला. शेवटी म्हटलं, हो म्हणून टाकावं, नाहीतर हा सरोवरसुद्धा सरळ करेल."

त्या मोडलेल्या वळणावरच पुढे त्यांना जमीन मिळाली. दोघांनी तिथे जर्दाळू लावले. ओरोझाली आता नाहीत. मी त्यांना भिंतीवरच्या फोटोतच पाहिलंय. फोटोतूनही ते माझ्याकडे जरा संशयानेच बघतात.

सरळ केलेलं पाणी धावत सुटतं. ते आधी तळ खरवडतं, मग काठ पोखरतं. दर वसंतात बर्फ वितळलं की अपांच्या बागेचा थोडा तुकडा ओढ्यात जायचा, कधी सोबत एखादं झाडही. गावाचं म्हणणं होतं, सिमेंटची भिंत बांधा. खात्याने म्हटलं, आधी काठ तपासा. आणि तपासायला पाठवलं मला, सासुरवाडीला. उंच रबरी बूट घालून मी फाटकात उभा राहिलो तेव्हा अपा म्हणाल्या, "हे बूट तुझे आहेत की तू त्यांचा आहेस?"

काठ किती झिजतो हे मोजायला आम्ही लोखंडी सळया काठात आडव्या ठोकतो, नुसतं टोक बाहेर ठेवून. माती गेली की सळई उघडी पडते, तेवढी मोजायची. मी शरद ऋतूत बागेच्या काठात सळया ठोकल्या, टोकांना लाल रंग लावला आणि मोठ्या रुबाबात निघून आलो.

वसंतातला पूर ओसरल्यावर गेलो तर एकही सळई नाही! म्हणजे सळईच्या लांबीपेक्षाही जास्त काठ वाहून गेला. माझ्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला. एवढी झीज आमच्या खात्यात कोणी पाहिली नव्हती. काठावरची झाडं जागच्या जागी उभी होती, हे मला दिसलं नाही असं नाही. पण विद्वान माणूस एकदा निष्कर्षाला पोचला की झाडांचं ऐकत नाही. मी तिथूनच साहेबांना, तेमिरकान आकेंना फोन लावला. "आके, फार जास्तच्या वर एखादी पायरी आहे का आपल्याकडे?"

आके स्वतः आले. पाहुणा घरी आलाय म्हटल्यावर अपांनी आधी जेवायला बसवलं. अंगणात निखाऱ्यांवर मटण भाजत होतं. आकेंनी पहिला घास खाल्ला, वाहवा म्हणाले आणि हातातली मटणाची सळई उलटीपालटी करून बघू लागले. टोकाला लाल रंग होता.

"शायलो," ते शांतपणे म्हणाले, "तुझा काठ चविष्ट आहे रे."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. "अपा, या सळया तुम्ही कुठून आणल्या?"

"काठातून. कोणीतरी खुपसून ठेवल्या होत्या. पुरात गेल्या असत्या, मी वाचवल्या. राखेने घासून घेतल्यात हो आके, काळजी नका करू."

"अपा, त्या मी मोजमापासाठी ठोकल्या होत्या!"

"मग सांगायचं नाही का? मला वाटलं, जावई पहिल्यांदाच घराला काही उपयोगाचं देऊन गेला."

आकेंना हसता हसता ठसका लागला. मी पाणी आणायला म्हणून घरात गेलो आणि शक्य तितका वेळ तिथेच थांबलो.

दुपारी आम्ही दोघांनी काठ नीट पाहिला. मी फोनवर केला तेवढा गाजावाजा करण्यासारखं काही नव्हतं, पण बरंही नव्हतं. खाली सुटी वाळू आणि गोटे, वर चिकणमातीचा थर. पाणी खालचे गोटे उपसून नेतं, वरचा थर अधांतरी राहतो आणि एक दिवस अख्खा कोसळतो. जर्दाळूची मुळं काठाबाहेर झिपऱ्यांसारखी लोंबत होती. भिंत बांधली तर पाणी पुढच्या घराचा काठ खाणार, हे मला, आकेंना, बहुतेक अपांच्या गाईलाही दिसत होतं. ओढ्याला त्याचं जुनं वळण परत द्यायचं, कडेला मुळांनी माती धरून ठेवणारं वाळुंज लावायचं आणि गुरांना पाणी प्यायला एकच जागा ठेवायची, हाच उपाय होता. जुन्या वळणाचा ओलसर खोलगट पट्टा अजून दिसत होता. तो बरोबर बागेच्या मधून जात होता.

हे गावासमोर सांगायचं काम आकेंनी उदार मनाने मला दिलं. सभेत मी नकाशा टांगला. तो पडला. पुन्हा टांगला. मग मी अपांच्या नजरेला नजर न देता म्हणालो, "ओढ्याची ही अवस्था पूर्वीच्या मानवी हस्तक्षेपामुळे झाली आहे."

"कोण मानव?" अपांनी पहिल्या रांगेतून विचारलं.

"म्हणजे... त्या काळातल्या धोरणानुसार..."

"धोरणाला बुलडोझर चालवता येत होता का? सरळ सांग ना, माझ्या नवऱ्याने मोडलं म्हणून." त्या उठून गावाकडे वळल्या. "वरून सांगितलं होतं त्यापेक्षा जास्त मोडलं. मी हो म्हणत नव्हते ना!"

सभा खो-खो हसत सुटली. मीही हसलो, मग कुणाची तरी करडी नजर जाणवली आणि थांबलो. ती माझ्या बायकोची, नुरझातची होती.

हशा ओसरला तरी अपा उभ्याच होत्या. हाताने डोक्यावरचा रुमाल सारखा करत होत्या.

"बाग मोडल्याशिवाय नाहीच जमणार?" त्यांनी विचारलं. या वेळी आवाजात चेष्टा नव्हती.

"नाही, अपा. नाही मोडली तरी ओढा नेणारच. फक्त तुमच्या खालच्या घरांनाही घेऊन जाईल."

त्यांनी मान तिरकी करून नकाशाकडे पाहिलं. तो उलटा टांगलाय हे मला तेव्हा कळलं.

"यंदाची फळं उतरवल्यावर," त्या म्हणाल्या. "आणि खोदायला येईल तो चालक लग्न झालेला आणा."

त्या उन्हाळ्यात सगळं घर जर्दाळू वेचायला लोटलं. छपरावर फळं वाळत पडली. मी शिडीवरून पडलो आणि त्यानंतर माझ्यावर माश्या हाकण्याचं काम सोपवण्यात आलं, जे मी समाधानकारकपणे पार पाडलं. झाडं कापताना मात्र अपांनी कोणाला मदत करू दिली नाही. शेजारच्याची करवत मागून घेतली आणि एकेक झाड स्वतः उतरवलं.

खोदकामाच्या दिवशी त्या सकाळपासून काठावर होत्या. चालकाला चहा आणि तळलेले बोरसोक खायला देऊन त्याच्या बायकोमुलांची नावं विचारून झाली होती. मग शेवटचा बांध फुटला. पाणी जरा थबकलं आणि जुन्या खोलगटात शिरून हळूहळू वळत गेलं, जिथून कधीकाळी जायचं बरोबर तिथून. वेग उतरला तसा आवाजही बदलला. अपांनी रुमालाचं टोक तोंडाशी धरलं.

"ओरोझाली," त्या पुटपुटल्या, "बघ, मोडलं रे तुझं काम."

त्या हसत होत्या की रडत होत्या, मला कळेना. अशा वेळी जावयाने काय करायचं असतं? मी पाण्याची खोली मोजायला गेलो. नुरझातने मात्र जाऊन आईच्या खांद्यावर हात ठेवला. तिला लोखंडी सळया ठोकता येत नाहीत, पण बाकीचं बरंच येतं.

आता वाळुंज कमरेएवढं झालंय. या वसंतात पाणी पसरून, रमतगमत गेलं आणि खालच्या घरांपैकी एकाचाही काठ हलला नाही. पडला तो एकच तुकडा, अपांच्या घराकडच्या बाजूचा. त्याला मी स्वतःच्या हाताने 'कमी धोका' अशी पायरी लावली होती. फोनवर अपांचा निरोप आला, मागे कोंबड्यांचा कालवा चाललेला: "जावई, तुझ्या कमी धोक्याने माझं खुराडं नेलं. कोंबड्या सुखरूप आहेत, घरात खाटेवर बसल्यात. रविवारी ये, आणि काही बघू नकोस. फावडं घेऊन ये."