फौजीकाकांच्या पिस्तुलाची पिन

फौजीकाकांच्या पिस्तुलाची पिन मी मोडली. खंडेनवमीला, पाटावर पूजेला मांडलेल्या, नुकतंच हळदीकुंकू वाहिलेल्या पिस्तुलाची. शाळेत विज्ञान शिकवत असल्यामुळे मोडण्याआधी मी मोबाइलवर वाचूनही घेतलं होतं.

पुसेगावात आमच्या शेजारी राहणारे फौजीकाका सैन्यात हत्यारं दुरुस्त करायचे. आयुष्यात त्यांनी कुणावर गोळी झाडली नव्हती. पण दुसऱ्यांच्या गोळ्या आपल्यामुळं सरळ गेल्या, असं ते सांगत. फौजेनं मोडीत काढलेलं एक जुनं पिस्तूल त्यांच्याकडं परवान्यावर होतं. वर्षातून एकदा, पूजेपुरतं ते पेटीबाहेर येई.

आलं की आधी मॅगझिन वेगळं. मग पिस्तुलाचं तोंड भिंतीकडं करून काका आत बघायचे, करंगळीनं चाचपायचे आणि काकूंना हाक मारायचे. काकू चुलीवरची पोळी टाकून येत. "बघितलं, रिकामं हाय," असं त्या म्हणाल्याशिवाय पिस्तुलाला कुंकू लागत नसे.

"काका, तुमी बघितलं ना? मग काकूला काहून तकलीफ?" मी एकदा विचारलं.

"चाळीस वर्सं माझी चूक तीच पकडत आली, मास्तर. आताच काहून सुट्टी देऊ तिला?"

रिकाम्या पिस्तुलाचा चापही ते कुणाला ओढू देत नसत. वापरलेल्या काडतुसाच्या पुंगळीत त्यांनी मागून खोडरबराचा तुकडा बसवला होता. ती आत घातली तरच परवानगी. "चाप वढला की पिन पुढं आपटती, तिला टेकायला कायतरी लागतंय. तुमी बसायला जावं अन् कुणी खुर्ची वढावी, तर कंबर कुणाची मोडंल? नव्या पिस्तुलाचं पोलाद सोसतंय. हे म्हातारं झालंय, माझ्यावानी."

त्या वर्षी त्यांचा हात कापू लागला होता. पूजा झाली की पिस्तूल ठाण्यात कायमचं जमा करायचं ठरलं होतं. "नोकरीत माझ्या हातून नादुरुस्त हत्यार एकबी भाईर गेलं न्हाई," ते म्हणाले. "हे शेवटचं. हेबी चालू हालतीतच देणार."

पूजा आटोपून काका हात धुवायला परसात गेले. मोबाइल म्हणत होता, रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढल्यानं काही होत नाही. कोणत्या पिस्तुलाला, ते पुढच्या परिच्छेदात होतं. तिथवर मी गेलो नाही. पुंगळी न घालताच भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरून अकरा वेळा चाप ओढला. बाराव्याला फुटाणा चावल्यासारखा आवाज आला.

काका ओले हात घेऊन दारात उभे होते. त्यांनी पिस्तूल खोललं, पिनेचं तुटलेलं टोक तळहातावर घेतलं आणि काकूंना दाखवलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मी नांदेडला परवानाधारक दुकानात जाऊन आलो. त्या जातीची पिन आता मिळत नाही म्हणाले. "वसमतला लेथवर करून घेऊ," मी सुचवलं.

"परवाना पिस्तुलाचा हाय मास्तर, कारखान्याचा न्हाई."

काका आता नाहीत. आठवतात ते ठाण्यात उभे राहिलेले. इस्त्रीचा सदरा, जुळवलेल्या टाचा. मी पिस्तुलाची पेटी धरून मागं. हवालदार फॉर्म भरत होते.

"हत्यार चालू का नादुरुस्त?"

काकांनी जुळलेल्या टाचा पुन्हा जुळवल्या. "नादुरुस्त."

"काय झालं?"

"पिन मोडली."

"कशानं?"

मी लगबगीनं पुढं झालो आणि पोलादाचं वय, धातूचा थकवा असं समजावून सांगू लागलो. काकांनी हात आडवा केला.

"ह्यांचं काय लिहू नका, साहेब. कारण म्हणून लिहा, शिकलेला मानूस."