कागदावरच्या लॉऱ्या आणि गोविंदरावांची सही

पुलांची डिझाइनं करणाऱ्या ऑफिसात उमेदीची वर्षं घालवलेली माणसं एकत्र जमली, की पुलांबद्दल चकार शब्द काढत नाहीत. बोलतात ते लॉऱ्यांबद्दल! कागदावर धावलेल्या, कॉम्प्युटरमधून गेलेल्या, भलतीकडेच निघून गेलेल्या लॉऱ्या. हे किस्से कुणी मुद्दाम जपत नाही. माळ्यावर रिकामे डबे साठतात तसे ते साठतात, आणि टाकायला काढले की एकही टाकवत नाही.

आमचं ऑफिस मद्रासला एग्मोरमध्ये होतं. सत्तरीचं दशक संपत आलं होतं. मी सांगलीहून नोकरीला आलेली, ऑफिसातली एकमेव मुलगी, आणि तिखट जिभेची. माझं काम होतं कॉम्प्युटरवर पुलावरून लॉरी चालवायची. म्हणजे लॉरीच्या चाकांचं वजन आणि त्यांच्यातलं अंतर कार्डांवर पंच करायचं, ती कार्डं कॉम्प्युटर सेंटरला पाठवायची, आणि लॉरी हातभर पुढे सरकली की पुलाला कुठे किती ताण येतो, ते दुसऱ्या दिवशी आलेल्या कागदांत वाचायचं.

माझे कागद तपासून सही करणार गोविंदराव. रिटायर व्हायला वर्ष उरलेलं. मराठी तंजावरचं, बखरीतून उठून आल्यासारखं, मधे मधे तमिळ 'सेरी' आणि 'अय्यो', आणि मला हाक 'मा'. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं, "हें पाहा मा, यंत्र काय म्हणतंय तें मला सांगूं नको. मी हातानं केल्याविना सही करीत नाही!"

झालं! म्हणजे माझ्या पुलाचं नशीब या म्हाताऱ्याच्या पेनात.

*

गोविंदरावांची स्वतःची लॉरी होती. शर्टाच्या खिशात! ट्रेसिंग पेपरची एक पट्टी, तिच्यावर चाकांच्या खुणा. पुलावरच्या ताणाचा आलेख काढायचा आणि ती पट्टी त्याच्यावरून बोटानं सरकवत न्यायची. माझ्या कॉम्प्युटरला एक दिवस लागायचा, त्यांना एक कॉफी.

एकदा मी चिडून म्हटलं, "सर, तुमच्या लॉरीला लायसन्स आहे का?"

"आहे की. तीस वर्षांत एक ॲक्सिडेंट नाही!"

*

माझा पहिला मोठा पूल तीन गाळ्यांचा, तिन्ही गाळे, म्हणजे खांबांमधली अंतरं, वेगवेगळ्या लांबीचे. मी ऐटीत कागद पुढे ठेवले. गोविंदरावांनी दोन पानं उलटली.

"तुझी लॉरी मद्रासहून निघाली?"

"हो सर."

"पलीकडे पोचली?"

"पोचली की!"

"मग परत कधी येणार? का तिकडेच संसार मांडला?"

लॉरीची पुढची चाकं हलकी, मागची जड. उलटी आली तर ताण वेगळा. आणि मी तिला एकाच दिशेनं नेलं होतं! पुन्हा कार्डं, पुन्हा एक दिवस. उलट्या लॉरीनं एका खांबावर जास्त ताण दाखवला. तेव्हापासून ऑफिसात कुणी गावाला निघालं की सगळे विचारायचे, "परत येण्याचं कार्ड पंच केलंस ना?"

*

माझा शेजारी मुरुगेसन. त्याच्या पुलाचा निकाल एकदा आला शून्य. लॉरी गेली आणि पुलाला काही म्हणजे काही झालं नाही! बिचारा घामाघूम. पाहतो तर कार्डावर आकडा एक घर सरकलेला, आणि लॉरी पुलाच्या कडेपासून तीस मीटर लांबून चाललेली. नदीवरून, हवेत!

गोविंदरावांनी कागद पाहिला आणि गंभीरपणे म्हणाले, "पूल उत्तम आहे रे. याची गरजच नाही!"

*

मी वेस्ट मांबलमला राहायची. एकदा सेंटरला द्यायची कार्डं घेऊन मांबलम स्टेशनच्या जिन्यावर पाय घसरला. ढोपर फुटलं, त्याचं काही नाही, पण कार्डं जिनाभर! लोकांनी भराभर गोळा करून दिली, कॉलेजातल्या एका पोरानं तर छान चौकोनी गठ्ठा करून दिला. क्रम कोण बघतंय? मीही नाही बघितला. चुकलंच माझं.

निकाल आला. गोविंदरावांनी खिशातली पट्टी काढली, सरकवली, थांबले.

"मा, ह्या लॉरीची अस्की जड चाकं मधोमध कां?" अस्की म्हणजे सगळी. "अशी लॉरी कोण बनवतं, सांग. मला बघायची आहे!"

*

ते रिटायर व्हायला तीन महिने होते तेव्हाची गोष्ट. माझा सर्वांत मोठा पूल, सगळा कॉम्प्युटरवर केलेला. गोविंदराव रोज म्हणायचे, "वाच मा, मी ऐकतो." तासन्‌तास मी आकडे वाचायची. एके दिवशी माझं डोकं फिरलं. म्हटलं, "सर, कागद तुमच्या हातात आहे, तुम्हीच वाचा ना!"

तेव्हा मी नीट पाहिलं. कागद त्यांनी उलटा धरला होता.

"मोतीबिंदू," ते हळूच म्हणाले. "दोन्ही डोळे. रिटायर जाहल्यावर ऑपरेशन. आत्तां कळलं तर उद्यांच घरीं पाठवतील."

मला रडू आलं. माझ्या बोलण्याची लाज वाटली, आणि खरं सांगते, भीतीही वाटली. माझा पूल आता तपासणार कोण?

तपासला त्यांनीच. डोळे मिटून. मी आकडे वाचायची, ते मनात लॉरी सरकवायचे. एकदा म्हणाले, "थांब. मागल्या चाकाला ताण इतका कमी नाही येणार." मी एक ओळ गाळली होती! चौदा दिवस असे गेले. मग मी बोट ठेवलं तिथे त्यांनी सही केली. कुणाला सांगितलं नाही, पण ऑफिसात अशा गोष्टी लपतात थोड्याच! म्हातारा न बघता सही करतो, अशी कुजबुज सुरू झाली. ती साहेबांपर्यंत गेली, आणि साहेबांनी ठरवलं की पूल बांधून झाला की वाळूनं भरलेल्या लॉऱ्या चढवून चाचणी घ्यायची. पूल नको तेवढा वाकला, तर गोविंदरावांचं तीस वर्षांचं नाव गेलं, आणि माझं सुरू होण्याआधीच.

*

चाचणीच्या दिवशी ते रिटायर होऊन वर्ष झालं होतं. नदी कोरडी ठणठणीत. काठावर सगळं ऑफिस, साहेब, कंत्राटदाराची माणसं. पहिली लॉरी चढली, दुसरी चढली. मी पुलाखालची मापं घेणाऱ्या माणसाकडे पाहत होते.

तेवढ्यात मुरुगेसन ओरडला, "अय्यो, खाली कोण आहे?"

मधल्या गाळ्याच्या बरोबर खाली, वाळूत चटई अंथरून गोविंदराव बसले होते. नवा जाड भिंगाचा चष्मा. आणि शेजारी त्यांची बायको, नऊवारीतल्या काकू, दहीभाताचा डबा उघडत!

मी धावत उतरले. "सर, बाहेर या! तिसरी चढतेय!"

"चढूं दे की."

"अहो, काकूंना तरी कशाला आणलंत?"

"मी एकटा बसलों असतों तर म्हणाले असते, म्हातारा जिवाला कंटाळला. म्हणून हिला आणली." त्यांनी मान वर करून पुलाच्या पोटाकडे पाहिलं, पहिल्यांदाच. मग माझ्याकडे. "पूल तुझा ना मा? मग तूं कां बाहेर उभी?"

काकूंनी सरकून चटईवर जागा केली. मी चपला काढल्या.