गुडघ्याएवढ्या उंचीचा रॅक

सायकल त्यांच्या डोक्यावर होती आणि पाय फरशीला चिकटले होते.

आमच्या सांगलीच्या सोसायटीचे पार्किंग, सकाळची वेळ. गाडीच्या टपावर भावाकडून आणलेला कॅरिअर बसवला होता. नवऱ्याने सायकल दोन्ही हातांनी उचलून डोक्यावर नेली आणि गाडीकडे शेवटचे एक पाऊल टाकायचे तेवढे राहिले. ते पाऊल पडेना. त्यांना कंपवात आहे. या आजारात माणूस चालता चालता मध्येच थांबतो. पाय रोवल्यासारखे जागच्या जागी राहतात आणि वरचे अंग मात्र पुढे जात राहते. मी गाडीच्या पलीकडे होते. वळसा घालून येईपर्यंत ते कलायला लागले होते. मी मागचे चाक पकडले आणि म्हणाले, "सोडा." त्यांनी सोडली नाही. मग ती दोघांच्याही हातांतून निसटली आणि दाराला मोठा पोचा पाडून खाली आली.

ते जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. मी आधी त्यांचे हात बघितले, मग सायकलचे हँडल, मग दार. हा क्रम माझा नेहमीचा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर आम्ही एवढा अट्टहास का करत होतो ते कळणार नाही. बैठकीतून स्वयंपाकघरात यायला ज्यांना उंबऱ्याशी थबकावे लागते, ते माझे यजमान सायकलवर बसले की सरळ जातात. पाय फिरतात, पाठ ताठ होते, वळणही नीट घेतात. मला वाटले होते हा काहीतरी चमत्कार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाही, बऱ्याच जणांचे असे असते, चालवू द्या. अटी मात्र घातल्या. डोक्यावर हेल्मेट हवे, रहदारी नको, आणि चढताना-उतरताना सोबत कुणीतरी हवे. सांगलीत रहदारी नसलेला रस्ता कुठून आणायचा? आष्ट्याच्या अलीकडे कॅनॉलकडेने एक डांबरी रस्ता आहे, सकाळी तिथे फारसे कुणी नसते. म्हणून सायकल गाडीने तिथवर न्यायची.

पायरीवरून ते म्हणाले, "सायकल मी चढवणार. तू चढवायला लागलीस की मी नुसता तिच्यावर बसवलेला माणूस. तसं व्हायचं असलं तर ती विकून टाकू."

ही धमकी नव्हती. दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांना आपल्या पुतण्यासाठी ती हवीच होती. त्यांनी दोनदा विचारले होते. महिनाअखेरीला सांगतो, असे आमच्या घरातून त्यांना कळवून झाले होते, आणि ते मला त्याच सकाळी कळले.

मी एका शाळेच्या कार्यालयात काम करते. खरेदी माझ्याकडे असते, त्यामुळे वस्तू घेण्याआधी काय काय हवे ते लिहून काढायची सवय आहे. त्या दुपारी लिहायला बसले तर पहिल्याच ओळीवर अडले. बाकी सगळे, म्हणजे मजबुती, कुलूप, गंज, नंतरचे. पहिला प्रश्न एवढाच, की थरथरणाऱ्या हातांच्या माणसाला सायकल किती उंच उचलता येते?

टप बाद झाला. डिकीला पट्ट्यांनी अडकवायचा रॅक असतो, तो मी एका दुकानात पाहिला. त्यात सायकल छातीपर्यंत उचलून आडव्या दांड्यांवर टांगावी लागते. तोही बाद. सायकल आत घालायची तर चाक काढावे लागते, त्याला पाना लागतो, आणि पाना नटावर बसवणे ही गोष्ट त्यांना आता जमत नाही. हे त्यांनी मला सांगितलेले नाही. मी पाहिलेले आहे.

मग साताऱ्याला दिराकडे गेलो होतो तेव्हा यवतेश्वरच्या घाटाच्या पायथ्याला एक गाडी दिसली. तिच्या बंपरखालून एक चौकोनी लोखंडी नळी बाहेर आली होती, त्या नळीत रॅकचा दांडा घुसवून पिन लावली होती, आणि सायकल त्या रॅकवर चक्क उभी होती, पन्हळीसारख्या दोन खाचांत चाके ठेवून. टांगलेली नव्हती. मी पर्समधला टेप काढला. गाडीचा मालक दुसऱ्या सायकलवरून घाट उतरून खाली आला आणि अनोळखी बाई आपल्या गाडीमागे वाकलेली पाहून थबकला. पण भला माणूस होता. त्याने सांगितले, आधी पुढचे चाक ठेवायचे, मग मागचे. म्हणजे एका वेळी निम्मेच वजन उचलायचे. खाच गुडघ्याच्या उंचीवर होती. मी गाडीत बसलेल्या नवऱ्याकडे पाहिले. ते दुसरीकडे बघत होते, पण त्यांनी ऐकले होते.

रॅक मागवता आला. आमच्या गाडीच्या मॉडेलला बसणारी खालची नळी मात्र तयार मिळेना, म्हणून आष्ट्यातल्या एका वर्कशॉपमध्ये गेलो. तिथे उसाच्या ट्रॉल्यांचे काम चालते. मिस्त्री वयाने आमच्याएवढेच. त्यांनी गाडीखाली डोके घातले, बाहेर काढले आणि विचारले, "किती टन वढायचंय, वहिनी?"

"सायकल," मी म्हणाले.

बाकावर एक शेतकरी ट्रॉलीच्या दुरुस्तीसाठी खोळंबून बसले होते. ते म्हणाले, "सायकल चालवायची असती गड्या, गाडीनं फिरवत्यात व्हय?"

"आमच्या मालकीणबाईंचा नवस हाय," नवरा म्हणाला. साताऱ्याचा माणूस; लहर आली की गावची बोली बाहेर काढतो. "सायकलीला गाडीतनं मिरवीन म्हणल्या हुत्या."

सगळे हसले. यजमान हसत होते तेव्हा त्यांचा उजवा हात खिशात होता आणि खिसा हलत होता. मी मिस्त्रींना मापे सांगायला लागले. उंची गुडघ्याएवढी, यात एक इंचही वर नको. मिस्त्री म्हणाले, एवढं खाली घेतलं तर गतिरोधकावर घासणार. घासू दे, म्हटले. नंबरप्लेट आणि मागचे दिवे सायकलमागे झाकले जाणार, तर नंबरप्लेट आणि दिवा रॅकवर वेगळे लावून हवेत. आणि पिन सहज निघायला हवी, अगदी बोटाने.

"ट्रॉलीगत करतो," मिस्त्री म्हणाले. "सोत्ता निघून हातात यील."

पहिल्या दिवशी गोळी घेतल्यावर तासाभराने निघालो. त्या गोळीचा असर असतो तेवढ्या वेळात सगळे उरकावे लागते. नंतर अंग जड होते. पार्किंगमध्ये सायकल त्यांनीच ठेवली. पुढचे चाक पहिल्या झटक्यात गेले. मी ढकलल्यासारखे केले नाही, फक्त जवळ उभी राहिले.

आष्टा रस्त्याला लागलो आणि मागून आवाज यायला लागला. आधी खडखड, मग दणका. आरशात बघितले तर सायकल डावीकडे झुकायची, सरळ व्हायची, उजवीकडे झुकायची. साखर कारखाने सुरू झालेले, मागे दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, उसाने खच्चून भरलेला. सायकल रस्त्यावर पडली असती तर तो थांबूच शकला नसता. मी वेग कमी केला, ट्रॅक्टर आणखी जवळ आला.

"थांबते मी," मी म्हणाले.

"चल, आलंच आता."

"पडेल ती."

"तर पडू दे. गोळी उतरायला लागेल, चल."

मी थांबले. गाडी कडेच्या मातीत घेतली. ट्रॅक्टर शेजारून गेला तेव्हा अख्खी गाडी हलली. खाली उतरून पाहिले तर नळीत दांडा ढिला, पिनेच्या भोकात पिन ढिली, आणि रॅक हाताने हलवला तरी डुलत होता. या अवस्थेत परत नेणेही शक्य नव्हते. सायकल उतरवून आत घालायला हवी होती.

चाकांचे पट्टे सोडायला ते खाली वाकले. पट्टा सुटेना. बोटे बकलावरून घसरत होती. दुसरी ट्रॉली दुरून येताना दिसत होती आणि आम्ही दोघे रस्त्याकडे पाठ करून उभे होतो. मी हात पुढे केला. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि बाजूला झाले.

पट्टे मी सोडले. सायकल मी उतरवली, डिकीतला पाना काढून चाक मी काढले, मागची सीट पाडून सायकल आत कोंबली. ते जाऊन पुढच्या सीटवर बसले, पट्टा लावून. सोसायटीच्या गेटमध्ये म्हणाले, "वरच्यांना रविवारी बघायला या म्हणून सांगतो. दहा वाजता."

रविवारला चार दिवस होते. दुसऱ्या दिवशी शाळेतून अर्धा दिवस रजा घेऊन मी एकटी आष्ट्याला गेले. मनात भांडणाची सगळी तयारी होती. मिस्त्रींनी रॅक हलवून पाहिला आणि तेच माझ्यावर चिडले. ट्रॉलीचा हुक ढिलाच लागतो, वळणावर ट्रॉली फिरली पाहिजे, नाहीतर मोडेल. वर तुम्हीच म्हणाला, पिन बोटाने निघायला हवी.

"बोटाने निघायला हवीच," मी म्हणाले. "पण रॅक हलायला नको."

"दोनी एकदम कसं हुईल वहिनी?"

मग ते स्वतःच नळीकडे बघत बसले. म्हणाले, पिन राहू दे, बाजूने नळीला आटे पाडून एक बोल्ट घालतो. तो आवळला की दांडा आत दाबून बसेल. पण मग पाना लागणार. पाना नको, मी म्हणाले. कोपऱ्यात भंगारात शेतीच्या पाइपलाइनचा एक जुना व्हॉल्व्ह पडला होता, त्याचे फिरवायचे लोखंडी चाक शाबूत होते, तळहाताएवढे. मी ते दाखवले. हे बोल्टच्या डोक्यावर जोडता येईल का? मुठीत धरून फिरवता येईल असे?

मिस्त्रींनी चाक उचलून फिरवून पाहिले. यजमानांच्या खिशातल्या हाताबद्दल मी काही बोलले नव्हते. त्यांनीही काही विचारले नाही. फक्त म्हणाले, "बकलं बी मोठी घालू या." आणि निघताना ट्रॉल्यांना मागे लावतात त्या लाल रेडियम पट्टीचा उरलेला गुंडाळा हातात दिला, रॅकच्या मागच्या कडेला लावा म्हणाले, रस्त्याला कुणी बघून चालवत नाही.

मी पट्टी रॅकला लावली. बरीच उरली.

फिजिओथेरपीच्या मुलीने एकदा सांगितले होते, पाय अडला की समोर एखादी आडवी रेघ असली तर ती ओलांडायला पाय आपोआप उचलला जातो. आम्ही तेव्हा घरात खडूने रेघा मारून पाहिल्या होत्या आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी त्या पुसून टाकल्या होत्या. घरात नको, म्हणाले होते, लोक येतात. पार्किंगमध्ये तर लोक येतातच. मी शनिवारी संध्याकाळी बराच वेळ गुंडाळा हातात धरून बसले. मग रविवारी उजाडायच्या आत खाली गेले आणि गाडीच्या मागे फरशीवर, एकेका पावलाच्या अंतराने, पट्ट्या चिकटवल्या.

गोळी झाल्यावर त्यांना म्हणाले, रॅक दुरुस्त होऊन आलाय, विकायच्या आधी एकदा लावून तर बघा. ते खाली आले. सायकल भिंतीशी होती. त्यांनी ती धरून आणली आणि गाडीपासून थोड्या अंतरावर थांबले. थांबले म्हणजे अडले. टाचा वर, चवडे फरशीत, हँडल पुढे कलायला लागलेले. मी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि एकात एक गुंतवून घट्ट धरले. वरच्या मजल्यावर कुणाचे तरी दार वाजले.

त्यांनी खाली पाहिले. पट्ट्या त्यांना तेव्हाच दिसल्या असाव्यात. खूप वेळ वाटला, तेवढा नसेल. मग उजवा पाय उचलला आणि पहिली पट्टी ओलांडली. मग दुसरी, मग तिसरी. पुढचे चाक उचलून खाचेत ठेवले, वाकून मागचे ठेवले. मोठ्या बकलांत पट्टे घातले. एकदा चुकले, पुन्हा घातले. मग व्हॉल्व्हचे चाक मुठीत धरून, मिस्त्रींनी आधीच आवळलेले असूनही, आणखी अर्धा फेरा आवळले. सायकलला धरून हलवले. गाडी हलली, सायकल गाडीबरोबर हलली, वेगळी नाही.

"ह्या पट्ट्या ट्रॉलीला लावायच्या असतात," ते म्हणाले.

"उरल्या होत्या."

"मधली वाकडी लागलीय."

मी गाडीची किल्ली पर्समधून काढली. ते पुढच्या दाराशी गेले, त्या पोचा पडलेल्या दाराशी, आणि आत बसण्याआधी वळून म्हणाले, "वरच्यांना फोन कर. म्हणावं, दहाला आम्ही घरी नाही. नंतरही येऊ नका."

फोन मी गाडी बाहेर काढायच्या आधी केला. सोसायटीच्या गेटपाशी गतिरोधक आहे. त्यावर रॅकचा तळ करकरत घासला, आणि आम्ही दोघांनीही मागे वळून पाहिले नाही.